मागचा डिस्क ब्रेक: एकच पॅड का झिजतो?

गेल्या काही वर्षांत जवळा बाजार आणि आजूबाजूच्या खेड्यांत मोटारसायकलच्या मागच्या चाकाचा ड्रम काढून तेथे डिस्क बसवून घेण्याचे वेड फार वाढले आहे. पूर्वी असे काम करून घ्यायला लोक परभणीला किंवा नांदेडला जात. आता ते औंढा-परभणी रस्त्यावरच्या टपरीवजा गॅरेजातही होते. काम देणारा तरुण खूश असतो, करणारा मिस्त्रीही खूश असतो. पण तीन-चार महिन्यांनी तीच गाडी परत येते. पॅड काढून पाहावेत तर एक पॅड लोखंडाला टेकलेला आणि दुसरा निम्माही झिजलेला नाही. मिस्त्री नवा सेट टाकतो, गिऱ्हाईक पैसे देते, आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तोच प्रकार. या बाबतीत आम्हाला जे वाटते ते या पानावर स्पष्टपणे मांडावे असे आम्ही ठरविले, कारण यात आमच्या कारागीर बांधवांची रोजी आणि गिऱ्हाइकाचा जीव अशा दोन्ही गोष्टी अडकलेल्या आहेत.

आमचे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे गैरसमज नको. दोन पॅडपैकी एकच झिजत असेल तर नुसते पॅड बदलणे ही दुरुस्ती होत नाही. दोष गाडीतच राहतो आणि त्याची किंमत पुढच्या सेटवर वसूल होते. कारण न शोधता सेटमागून सेट विकणाऱ्या मिस्त्रीला अडाणी म्हणावे की लबाड म्हणावे, असा प्रश्न गिऱ्हाईक कधी ना कधी विचारणारच. आम्हालाही तो विचारला गेला आहे, आणि त्या वेळी आमच्याजवळ उत्तर नव्हते.

झाले असे. हळदीच्या एका आडत्याच्या मुलाची १५० सीसीची गाडी होती. मागे ड्रम. त्याला डिस्क हवी होती. शहरातल्या एका दुकानातून आम्हीच किट मागविले आणि आम्हीच बसविले. चाक, डिस्क, कॅलिपर, ब्रॅकेट, मास्टर सिलिंडर, पाइप, सगळे एकाच खोक्यात आले होते, त्यामुळे ते एकमेकांसाठीच बनलेले असणार असे आम्ही गृहीत धरले. तीन महिन्यांनी गाडी करकरत आली. पिस्टनकडचा पॅड संपलेला, चाकाकडचा शाबूत. आम्ही पॅड बदलले. पुन्हा तेच झाले. आम्ही पुन्हा बदलले आणि "तुम्ही ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवता" असे म्हणून मोकळे झालो. तिसऱ्या वेळी तो मुलगा आमच्याकडे आलाच नाही. परभणीच्या एका गॅरेजवाल्याने त्याचा कॅलिपरच बदलून दिला आणि नवे पॅडही टाकले. ऊस चालू होता. वसमतच्या पूर्णा साखर कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्याला लागलेल्या. आई मागे बसलेली असताना वळणावर ट्रॉली समोर आली, त्याने पाय दाबला, लोखंडावर लोखंड घासले आणि गाडी थांबायच्या ऐवजी आडवी झाली. मुलाचे कोपर सोलले, आईच्या मनगटाला मुका मार लागला. एवढ्यावर निभावले, ही मोठीच गोष्ट.

त्याचे वडील दुकानात आले. ओरडले नाहीत. म्हणाले, "मिस्त्री, पैशे दुप्पट घ्या, पण नेमकं काय व्हायलंय ते एकदा सांगा." त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर परवडले असते.

आता मुद्द्याकडे वळू. आपल्याकडे मागे बसविले जाणारे बहुतेक कॅलिपर सरकते असतात. पिस्टन एकाच बाजूला असतो. पाय दाबला की ब्रेक ऑइलचा दाब पिस्टनला ढकलतो, पिस्टन आपल्या बाजूचा पॅड डिस्कवर टेकवतो, आणि डिस्क हलत नसल्यामुळे उलट धक्का बसून कॅलिपरचे सबंध धड पिनांवरून मागे सरकते व पलीकडचा पॅड ओढून डिस्कवर आणते. म्हणजे पिस्टनकडचा पॅड ढकलला जातो आणि पलीकडचा ओढला जातो. पाय सोडला की पिस्टनभोवतीचे चौकोनी सील, जे दाबाने किंचित पिळलेले असते, ते सरळ होते आणि पिस्टनला केसभर मागे घेते. ही सगळी हालचाल एका मिलिमीटरच्या आतली आहे. एवढ्याशा हालचालीला कोठे अडथळा आला की दोन पॅडांची झीज वेगवेगळी होते. हे तत्त्व ज्याला समजले त्याला बाकीचे शोधून काढता येते. ज्याला ते समजले नाही तो पॅडच्या कंपनीला दोष देत बसतो.

पिस्टनकडचा पॅड जास्त झिजला असेल तर पहिला संशय पिनांवर घ्यावा. पिना जाम झाल्या की धड सरकत नाही, पलीकडचा पॅड ओढला जात नाही आणि सगळा भार एकट्या पिस्टनकडच्या पॅडवर येतो. दुसरा संशय पिस्टनवर. पिस्टनला गंज धरला किंवा सील फुगले तर तो पुढे जातो पण मागे येत नाही, आणि पॅड डिस्कला घासत राहतो. या दोहोंतला फरक हाताने कळतो. कॅलिपर उतरवा, धड ब्रॅकेटवर पुढेमागे सरकवून पाहा. ते बोटांच्या जोराने सरकले पाहिजे. मग पिस्टन अंगठ्यांनी मागे दाबा. तो जड पण एकसारखा आत गेला पाहिजे. मध्येच अडकला, तिरका झाला, की तेथे काम आहे. पलीकडचा पॅड जास्त झिजला असेल तर उलट विचार करावा: धड ओढले जाते पण सुटत नाही. पिना अर्धवट धरतात तेव्हा किंवा पिनेचे रबर वळकटी होऊन बसले असेल तेव्हा असे होते.

काही वेळा एकाच पॅडची एक कड जास्त झिजते. थोडासा उतार नैसर्गिक आहे. डिस्क ज्या बाजूने पॅडमध्ये शिरते ती कड जरा जास्त खाल्ली जाते, त्याची काळजी नको. पण उतार डोळ्याला दिसण्याइतका असेल तर दोन्ही पॅड डिस्कवर असतात तसे समोरासमोर धरून पाहावेत. एकाची पुढची कड आणि दुसऱ्याची मागची कड झिजलेली असेल, म्हणजे झीज तिरपी समोरासमोर आली असेल, तर कॅलिपर डिस्कला समांतर नाही. ब्रॅकेट वाकलेली आहे किंवा तिच्या बोल्टाखाली रंग, गंज, वेल्डिंगचा थेंब असे काहीतरी राहिले आहे. पॅडच्या वरच्या कडेला न झिजलेली पट्टी उभी राहिली असेल तर पॅड डिस्कच्या बाहेर लटकतो आहे. २४० मिलिमीटरच्या डिस्कसाठी केलेली ब्रॅकेट आणि २३० ची डिस्क, अशी जोडी जमविली की पॅड बरोबर पाच मिलिमीटर बाहेर येतो. किटांत हे सर्रास सापडते. पॅड झिजत गेले की त्या उभ्या पट्ट्या डिस्कच्या कडेबाहेर एकमेकींना टेकतात आणि ब्रेक लागणेच बंद होते.

डिस्क वाकडी आहे, "डिस्क आउट आहे", असे सांगून डिस्क बदलून टाकण्याची आणखी एक सवय आमच्या मिस्त्री मंडळींत आहे. डिस्क वाकडी असेल तर पायाला धडधड जाणवते, पॅड मागे ढकलले जातात, पेडल खाली जाते. परंतु सरकत्या कॅलिपरमध्ये डिस्क डावी-उजवीकडे लचकल्याने एकच पॅड संपेल असे सहसा होत नाही, कारण धड डिस्कबरोबर हलते. डायल गेज लावल्याशिवाय डिस्कला दोषी ठरवू नये. मोटारसायकलच्या डिस्कला पुष्कळ कंपन्यांनी पाव ते ०.३ मिलिमीटरपर्यंत लचक चालते असे लिहून ठेवले आहे. डोळ्याला दिसणारी लचक कधीकधी बेअरिंगच्या खेळाचीही असते. चाक हाताने डावी-उजवीकडे हलवून बेअरिंग आधी पाहावे, डिस्क नंतर.

चाक स्टँडवर जड फिरत असेल तर एक तपासणी आम्हाला सर्वांत उपयोगी वाटते, आणि तिला पैसा लागत नाही. गाडी चार-पाच किलोमीटर चालवून आणा. स्टँडवर घ्या, चाक फिरवून पाहा. जड असेल तर कॅलिपरचे निपल क्षणभर सैल करा. तेल उडाले आणि चाक मोकळे झाले तर दाब वर कोठेतरी अडकलेला आहे. चाक तरीही जड राहिले तर पिस्टन किंवा पिना धरतात. पहिल्या प्रकारात पुढचा शोध असा: गाडी पुन्हा चालवून आणा आणि या वेळी निपलला हात न लावता मास्टर सिलिंडरजवळचा पाइपचा बोल्ट सैल करा. येथे चाक सुटले तर दोष मास्टरचा किंवा पेडलचा. येथे सुटले नाही पण खाली निपलशी सुटते, तर पाइप आतून फुगलेला आहे. तेल जाते, परत येत नाही. तपासणी झाल्यावर हवा मात्र नीट काढावी, आणि रंगावर सांडलेले तेल लगेच पाण्याने धुवावे.

मास्टर सिलिंडरचा दोष ड्रमची डिस्क केलेल्या गाड्यांत फार आढळतो, याचे कारण सोपे आहे. ड्रमचे पेडल दांडी ओढत होते. तेच पेडल आता दांडी ढकलते. त्याची थांबायची जागा बदललेली असते. दांडी लांब राहिली तर पाय काढल्यावरही मास्टरचा पिस्टन किंचित दाबलेला राहतो, तेल टाकीत परतायचे बारीक छिद्र झाकले जाते, आणि गाडी चालता चालता तेल तापून फुगले की ब्रेक आपोआप लागू लागतो. गाडी सकाळी हलकी आणि दुपारी जड, अशी तक्रार आली की आधी येथे पाहावे. पेडलला पिस्टन हलण्यापूर्वीचा थोडा रिकामा खेळ हवाच.

आता त्या आडत्याच्या गाडीचे काय निघाले ते सांगतो. आमच्याकडे जुने पॅड टाकायचे एक पत्र्याचे खोके आहे. भंगारवाला येईपर्यंत ते भरत राहते. त्या गाडीचे आम्ही काढलेले दोन्ही सेट सुदैवाने त्यात होते, आणि परभणीला टाकलेला तिसरा गाडीलाच होता. व्हर्नियर घेऊन तिन्ही सेट मोजले. पिस्टनकडचे तिन्ही पॅड संपलेले, ते दिसतच होते. चाकाकडच्या तीन पॅडांचा मसाला मात्र २.४, २.५ आणि २.४ मिलिमीटर निघाला. नवा साधारण साडेचार असतो. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. पिना गंजून धरत असत्या तर पलीकडचा पॅड कधी तीनवर थांबला असता, कधी चारवर. तिन्ही वेळा तो एकाच जाडीवर थांबतो, कॅलिपर बदलल्यावरही तेथेच थांबतो, याचा अर्थ धडाला तेथपर्यंतच जाता येते. पुढे रस्ता बंद आहे.

मग ब्रॅकेटची जागा मोजली. ॲक्सलवर चाक आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये जो बुश असतो तो किटात साडेतीन मिलिमीटर आखूड आला होता. त्यामुळे ब्रॅकेट चाकाच्या बाजूला सरकून बसली होती. नवे पॅड असताना धड पिनांवर सरकून ती चूक भरून काढी, म्हणून बसविताना आम्हाला काही कळले नाही. चाकाकडचा पॅड झिजू लागला की धडाला आणखी बाहेर यावे लागे. साडेचाराचा अडीच झाला की पिनांचा माग संपे, चाकाकडचा पॅड डिस्कवर दाबला जाणे बंद होई, आणि तेथून पुढे एकटा पिस्टनकडचा पॅड लोखंडापर्यंत खाल्ला जाई. नवा सेट टाकला की सगळे पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे तीन सेटांचे पैसे त्या माणसाने एका आखूड बुशासाठी मोजले.

लेथवर नवा बुश करून घेतला, साडेतीन मिलिमीटर लांब. ब्रॅकेट आणि चिमटा यांच्यामधला दुसरा बुश तेवढाच कमी केला, म्हणजे चाक आपल्या जागेवरून हलायला नको. ब्रॅकेट फिरू नये म्हणून चिमट्यावर जी खाच आहे तीत ती पूर्ण बसते की नाही ते पाहिले, साखळीची रेघ पाहिली. कापलेली डिस्क बदलली, तिचे पैसे घेतले नाहीत. कामाला अर्धा दिवस लागला. शोधायला अर्धा तास.

या प्रकरणावरून आमचे असे मत झाले आहे की सुट्या किटवर भरवसा ठेवून हे काम घेऊच नये. घ्यायचे तर ज्या गाडीला कारखान्यातूनच मागे डिस्क येते तिचा संपूर्ण संच घ्यावा: चाक, चिमटा, ब्रॅकेट, कॅलिपर, मास्टर, पेडल. मागे डिस्क असलेल्या गाड्या आता दुर्मीळ राहिलेल्या नाहीत. आपल्या देशात १९९९ साली सीबीझेड पुढे डिस्क घेऊन आली तेव्हा ती पाहायला गर्दी जमे. २००७ ची पल्सर २२० मागेही डिस्क घेऊन आली आणि २०१८ पासून १५० सीसीच्या पल्सरलाही ती मिळू लागली. मराठवाड्यातच, वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत, एन्ड्युरन्ससारखी कंपनी दुचाकींचे डिस्क ब्रेक बनविते. मग कोठल्या तरी खोक्यातला आखूड बुश आपण का बसवावा?

मास्टर आणि कॅलिपर यांची जोडी हाही असाच दुर्लक्षित विषय. जोर हा व्यासावर नव्हे, क्षेत्रफळावर ठरतो. ३२ मिलिमीटरच्या पिस्टनला १२.७ चा मास्टर लावला तर जोर सव्वासहा पटींच्या थोडा वर जातो. त्याच कॅलिपरला १४ चा मास्टर लावला तर तो सव्वापाच पटींवर येतो. पेडल दगडासारखे टणक लागते, गिऱ्हाइकाला वाटते ब्रेक कडक झाला, आणि प्रत्यक्षात तो कमी झालेला असतो. उलट, गरजेपेक्षा बारीक मास्टर लावला तर मागचे चाक जरा दाबताच लॉक होते. ब्रेक लावताना गाडीचे वजन पुढच्या चाकावर जाते, मागचे हलके होते. म्हणून मागच्या ब्रेकला अफाट ताकद देऊन उपयोग नाही. खताची पोती, दुधाचे कॅन मागे लादून शेतरस्त्याने जाणाऱ्या माणसाला आम्ही तर चांगला लायनर टाकलेला ड्रमच ठेवायला सांगतो. ड्रम झाकलेला असतो. आपल्या काळ्या मातीत ही फार मोठी सोय आहे.

या काळ्या मातीबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण पुण्या-मुंबईच्या मिस्त्रीला हा त्रास आपल्याइतका नाही. पावसाळ्यात ही माती पिनांच्या रबरांभोवती लिंपून बसते आणि ऑक्टोबरच्या उन्हात विटेसारखी वाळते. त्यावर गिऱ्हाईक वॉशिंग सेंटरवर जोराच्या पाण्याने गाडी धुऊन घेते. ते पाणी फाटक्या रबरातून पिनेपर्यंत जाते आणि गंज धरतो. सोयाबीन निघाल्यानंतर आणि ऊस सुरू होण्याआधी प्रत्येक डिस्कवाल्या गिऱ्हाइकाच्या पिना काढून, पुसून, नवे ग्रीस लावून द्यावे असा आमचा आता नेम आहे. ग्रीस मात्र ब्रेकसाठीचे, सिलिकॉनचे. बेअरिंगचे पिवळे ग्रीस पिनेला लावले की रबर फुगते आणि जी पिन सैल करायला निघालो तीच जाम होते. तीच गोष्ट पेट्रोल-डिझेलची. कॅलिपर पेट्रोलमध्ये बुडवून चकचकीत करणारे उस्ताद आम्ही पाहिले आहेत, आम्हीही त्यांचेच शागीर्द. ब्रेकचे सील ज्या रबराचे असते ते पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल यांनी फुगते. ते धुवावे ब्रेक ऑइलने किंवा साबणाच्या पाण्याने, आणि पूर्ण सुकवावे.

ब्रेक ऑइलही फोडून ठेवलेल्या बाटलीतले वापरू नये. ते हवेतले पाणी ओढते. डॉट ४ चे कोरडे तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी ओढल्यावर हीच मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. डॉट ३ ची मर्यादा त्याहून कमी, २०५ आणि १४०. साधारण दोन वर्षांनी तेल बदलावे. आणि पॅडची धूळ हवेच्या पाइपने उडवू नये. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे आणि स्वस्त मालात आजही काय असते याची खात्री कोणी देत नाही. ॲस्बेस्टॉसच्या कामगारांच्या फुप्फुसांचा प्रश्न १९९५ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. आपली पोरे त्याच धुळीत तोंड घालून बसतात. ओल्या फडक्याने पुसायला कितीसा वेळ लागतो?

लहान गाड्यांबद्दल एक धोक्याची सूचना. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना जोडब्रेक किंवा एबीएस सक्तीचा आहे. जोडब्रेक म्हणजे मागचे पेडल दाबले की पुढचाही ब्रेक थोडा लागतो. अशा गाडीचा ड्रम काढून किटची डिस्क बसविली की ही जोडणी तुटते. पुढच्या ब्रेकला कधी हात न लावणारे आपल्याकडे कमी नाहीत. त्यांना जो आधार कारखान्याने दिला तो आपण स्टाइलसाठी काढून घेतो. असे काम आम्ही आता कितीही पैसे दिले तरी घेत नाही.

कायद्याचे म्हणाल तर मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ सांगते की कारखान्याने ठरवून दिलेल्या आणि नोंदणी पुस्तिकेत असलेल्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात याच कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले आणि मान्यता नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. शिक्षा मालकाला आहे, मिस्त्री सुटला, असे म्हणून चालणार नाही. अपघात झाला की विमा कंपनी बोट ठेवायला जागा शोधते, पोलीस काम कोणी केले ते विचारतात, आणि गावात नाव आपलेच निघते. गिऱ्हाईक ड्रमची डिस्क करा म्हणून येते तेव्हा ही गोष्ट त्याला अगोदर सांगण्याचे धैर्य किती जणांना होते?

सुटे भाग विकणाऱ्या व्यापारी बांधवांनाही थोडे बोलायचे आहे. किटचे खोके फोडून ब्रॅकेट, डिस्क आणि बुश एकमेकांना जुळतात का ते पाहिल्याशिवाय विकू नका. पाहता येत नसेल तर निदान न जुळल्यास परत घेऊ असे बिलावर लिहून द्या. बिलच देत नसाल तर तो वेगळाच लेख होईल. फुटलेल्या सेटातला एक पॅड एका कंपनीचा आणि दुसरा दुसऱ्याचा अशी जोडी लावून खपविण्याचे प्रकार आम्ही पाहिले आहेत. दोघांचा मसाला वेगळा, पकड वेगळी, झीज वेगळी. मिस्त्री बिचारा पिना घासत बसतो.

हे सगळे वाचून आमचे बांधव विचारतील, एवढा वेळ घालवायचा तर पैसे कोण देणार? प्रश्न बरोबर आहे. आमच्या धंद्यात पैसे मिळतात ते भाग बदलण्याचे. नुसते पाहण्याचे पैसे मागितले तर गिऱ्हाईक म्हणते, "पाहायचे कसले पैसे?" म्हणून मिस्त्री पाहणे सोडतो आणि भाग बदलतो. आमच्या मते या वाईट रीतीला आम्हीच जबाबदार आहोत. डॉक्टर तपासण्याची फी घेतो, वकील कागद पाहण्याची घेतो. आम्ही मात्र अर्धा तास डोके लावून दोष शोधतो आणि मग शंभर रुपयांच्या पॅडवर दहा-वीस रुपये मिळवून समाधान मानतो. न्या. राजिंदर सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने मुस्लिम कामगारांचे प्रमाण ज्या धंद्यांत जास्त दाखविले त्यांत मोटारदुरुस्ती आहे. एवढी माणसे ज्या धंद्यावर जगतात त्या धंद्यात अक्कल फुकट आणि लोखंड विकत, हा व्यवहार फार दिवस चालणार नाही. कंपन्यांची सर्व्हिस सेंटरे तालुक्याच्या गावापर्यंत आली आहेत. ती तपासणीचे पैसे लावतात, कागदावर लिहून देतात, आणि लोक तक्रार न करता देतात.

आम्ही गेल्या हंगामापासून असे सुरू केले आहे. ब्रेकच्या तक्रारीला तपासणीचे पैसे आधी सांगतो. दोन्ही पॅड चारही कोपऱ्यांत मोजून आठ आकडे, तारीख आणि गाडीचे किलोमीटर वहीत लिहितो, त्याची चिठ्ठी गिऱ्हाइकाला देतो. काढलेले पॅड त्याच्याच हातात ठेवतो. घरी न्यावेत, फेकावेत, त्याची मर्जी. न नेल्यास गाडीचा नंबर लिहून खोक्यात जातात. पहिल्या महिन्यात चार-पाच माणसे पैसे ऐकून निघून गेली. त्यातली दोन परत आली. दुकानातली पोरे आधी वहीला हसत. आता त्यातला सर्वांत लहान, जो कालपरवापर्यंत पंक्चरच काढी, तो आकडे पाहून सांगतो की अमुक गाडीची पिन धरते आहे, आणि बहुतेक वेळा बरोबर निघतो. व्हर्नियर त्याने स्वतःच्या पैशाने घेतला, हे आम्हाला मागाहून कळले.

आडत्याची गाडी हळदीच्या हंगामात दोनदा येऊन गेली. दुसऱ्या खेपेला पिस्टनकडचा पॅड ३.१ आणि चाकाकडचा ३.३ भरला. वडिलांनी चिठ्ठी वाचली, घडी करून पावतीपुस्तकात ठेवली आणि विचारले, "आता दुसऱ्या पोराच्या गाडीलाबी बसवून देता का?" ती गाडी ११० सीसीची, जोडब्रेकवाली आहे. आम्ही नाही म्हणून सांगितले.